एका पत्त्यावर एकच खातं

सोराइदा दर रविवारी जेवायला यायला लागली ती बापाच्या ओढीनं नव्हे, हे लेओन्सिओंना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरीही रविवारी उजाडताच ते बंदरावर जाऊन ताजी मासळी पारखून आणायचे, लिंबं पिळायचे, कांदा चिरायचे, आणि दाराकडे कान लावून बसायचे.

त्याआधीची दोन वर्षं ती फिरकलीच नव्हती. फुटबॉलवरच्या पैजांपायी तिचा संसार मोडला होता. नवरा निघून गेल्यावर ती आपल्या पायांनी सरकारी कचेरीत गेली आणि पैज लावायला बंदी असलेल्यांच्या यादीत स्वतःचं नाव घालून आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. लेओन्सिओंना तिचा अभिमान वाटला होता, पण तो बोलून दाखवायला त्यांना जमलं नाही. तिला वाटलं, बाप रागावलाय. मग ती चिंबोते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागली, आणि फोन केला की "बरी आहे, बाबा" एवढंच म्हणायची.

लेओन्सिओ जन्मभर नगरपालिकेच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव करत बसलेले. कुठलीही गोष्ट छापील वाचल्याशिवाय त्यांना समजल्यासारखी वाटत नसे. पोरीच्या आयुष्याची ज्यानं माती केली ते तरी नीट समजावं, म्हणून एक दिवस ते कोपऱ्यावरच्या पैजेच्या दुकानात गेले आणि नियमांचा कागद मागितला. काउंटरवरची येसेनिआ हसायलाच लागली.

"काका, हा कागद मागणारे तुम्ही पहिलेच. बाकी सगळे वरचं मोठं अक्षर वाचतात आणि सुटतात."

वरच्या मोठ्या अक्षरात होतं, पहिली पैज हरलात तर पैसे परत. खालच्या बारीक अक्षरात होतं, परत मिळालेले पैसे ‘बक्षिसाची पैज’ म्हणून खात्यात पडतील, हातात मिळणार नाहीत. ते पुन्हा पैजेलाच लावायचे, तेही आठवड्याच्या आत. लेओन्सिओंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी येसेनिआच्या मदतीनं स्वतःच्या नावानं खातं उघडलं, आठवड्याला लावायच्या रकमेवर सर्वांत लहान मर्यादा घातली, आणि घरी येऊन मुलीला फोन लावला.

"सोराइदा, कॉर्नर किकवर पैज लावतात म्हणजे काय गं करतात?"

"बाबा? तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"नियम वाचतोय. बक्षिसाच्या पैजेचे."

ती खदखदून हसली. "वाचनालयाचा माणूस पैज लावतोय! आई असती तर चप्पल घेऊन मागे लागली असती."

त्या रविवारी ती आली.

सुरुवातीला ती नुसती बोलायची. "सामना वर डोंगरात, कुस्कोला आहे ना? मग दुसऱ्या अर्ध्यात बघा मजा. किनाऱ्यावरची पोरं त्या उंचीवर पळतात कसली, मासोळीसारखी तोंड उघडून पडतात."

"म्हणजे कुस्कोवर लावू?"

"मी कुठे काय म्हटलं? मी यादीत आहे. मी आपली हवेबद्दल बोलतेय."

लेओन्सिओ तिच्या हवेवर पैज लावायचे. सामना सुरू व्हायचा आणि ती खुर्चीच्या कडेवर बसून एकेका खेळाडूचं सगळं सांगायची; कुणाचा गुडघा दुखरा, कुणाचं प्रशिक्षकाशी पटत नाही. एवढं बोलणं त्या घरात तिची आई गेल्यापासून झालं नव्हतं. एकदा शेवटच्या मिनिटाला गोल झाला तेव्हा ती किंचाळत उठली आणि तिनं बापाला घट्ट मिठी मारली. ती मिठी गोलाला होती, हे लेओन्सिओंना कळत होतं. पण मिळाली त्यांना. त्यांनी ती ठेवून घेतली.

आपण सगळं जबाबदारीनं करतोय, अशी ते मनाची समजूत घालत. मर्यादा होती. हरलं तर ते भरून काढायला पुन्हा लावायचं नाही, असं ठरलं होतं. मग एका रविवारी ती म्हणाली, "आणा इकडे, तुम्हाला बटणं सापडेस्तोवर सामना संपेल." फोन तिच्या हातात गेला. पुढे ताटातलं सेविचे, ती लिंबात मुरवलेली मासळी, तसंच राहू लागलं, कांद्याला पाणी सुटेपर्यंत.

"ही मर्यादा वाढवा ना, बाबा. लहान मुलाच्या खाऊएवढी आहे."

"कमी करायची असली तर लगेच होते. वाढवायची तर थांबावं लागतं. तसा नियम आहे."

"तुम्ही आणि तुमचे नियम!" ती हसली, पण डोळे हसले नाहीत.

नंतर आठवड्याच्या मधल्या वारीही खात्यात पैजा दिसू लागल्या. लेओन्सिओंनी त्या लावलेल्या नव्हत्या. सोराइदाला ठाऊक झालेला संकेतशब्द बदलणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी बदलला नाही. बुधवारच्या पैजा पाहायच्या आणि रविवारी मासळी आणायची, असं चाललं होतं.

एका सोमवारी खातं गोठलं. दुकानात येऊन भेटा, असा निरोप आला. त्यांनी घाबरून सोराइदाला कळवलं. ती कारखान्यातून खाडा करून आली. लेओन्सिओंना वाटलं, धावत आली, तीही आपल्यासाठी. वाटेत ती एकच विचारत होती, खात्यात शिल्लक असलेली बक्षिसाची पैज कधीपर्यंत चालेल.

येसेनिआनं आवाज खाली आणला. "काका, तुमच्या ओळखपत्रावर जो पत्ता आहे तोच बंदीच्या यादीतल्या एका बाईच्या ओळखपत्रावर आहे. कंपनीला ते दिसलं."

सोराइदानं पत्ता कधी बदललाच नव्हता. इथे बदलतं कोण? मत ओळखपत्रावरच्या पत्त्यालाच द्यायचं असतं, म्हणून मतदानाच्या दिवशी अर्धं गाव बस भरभरून जुन्या गल्लीत परत येतं. शिवाय लेओन्सिओंनीच तिला म्हटलं होतं, राहू दे, हे घर तुझंच आहे.

"एकच प्रश्न आहे," येसेनिआ म्हणाली. "हे खातं तुमच्याशिवाय दुसरं कुणी वापरतं का? नाही म्हणालात तर आत्ता सुरू करते. हो म्हणालात तर कायमचं बंद. तुम्ही भरलेले पैसे मिळतील, बक्षिसाचे जातील."

"नाही म्हणा," सोराइदा पुटपुटली. "एक शब्द तर आहे."

लेओन्सिओ तिच्याकडे वळले. तिची नजर भिंतीवरच्या पडद्यावर होती. तिथे कुठल्यातरी दूरच्या देशातल्या सामन्यावरच्या पैजांचे भाव सरकत होते, आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "हे खातं नसलं तरी येशील ना गं रविवारी?"

"हं?" ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. येसेनिआकडे वळून म्हणाले, "हो. माझी मुलगी वापरते."

सोराइदाला ते मात्र नीट ऐकू गेलं. दुकानाबाहेर आल्यावर ती रस्त्यातच थांबली. "मी माझ्या पायांनी गेले होते नाव घालायला. आठवतंय? तेव्हा तुम्ही बरं केलंस म्हणूनसुद्धा म्हणाला नाहीत. मग तुम्हीच पैजेचं ताट वाढलंत. आणि आता अनोळखी बाईसमोर मला चोर ठरवलंत."

"चोर नाही गं."

"मग कोण?"

लेओन्सिओ चूक होते असंही नाही, आणि बरोबर होते असंही त्यांना वाटेना. ती आता दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून पैजा लावेल का, हेही त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी तिच्या दंडाला लावायला हात पुढे केला. तेवढ्यात मोटोटॅक्सी आली आणि ती चढली.

पुढच्या रविवारी ते बंदरावर गेले. मासळी घेतली, थोडीच घेतली. ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"कारखान्यात काम खूप आहे का?"

"आहे."

"तब्येत?"

"बरी आहे, बाबा."

कुणाचा गुडघा दुखतोय, कोण कुठे खेळतंय, हे विचारायला आता लेओन्सिओंची जीभ उचलेना. "त्या दिवशी बरं केलं होतंस तू, यादीत नाव घालून," हे वाक्य त्यांच्या मनात तयार होतं, कितीतरी दिवसांपासून. ते कुठून सुरू करावं याचा विचार करत राहिले. तिनं फोन ठेवला नव्हता. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता.

"सोराइदा," ते शेवटी म्हणाले.

पण तोवर तिनं ठेवला होता.