माझं भोक बुजवू नका

मी एक जुना चांदीचा डॉलर आहे आणि मला भोक आहे. आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलं की लोकांची तोंडं वाकडी होतात. होऊ देत! मित्रांनो, दोनशे वर्षांत मी अशी पुष्कळ तोंडं पाहिली आहेत.

माझा जन्म १७९८ सालचा, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतला. तेव्हा नाण्याचा पोलादी ठसा माणूस हातानं घडवायचा. मधे बाईचा मुखडा, आणि भोवतीची एकेक चांदणी वेगळी ठोकायची. हात जरा हलला की चांदणी कलली! म्हणून कुठलेही दोन ठसे सारखे नसत. माझी एक चांदणी शेजारच्या अक्षरावर अशी रेलली होती, जशी काही त्याच्या कानात चहाडी सांगते आहे. पुढं तो ठसा तडकला आणि तो तडा बारीक रेघ होऊन माझ्या अंगावर उठला. कुणी याला खोट म्हणतं. मी जन्मखूण म्हणतो.

मग मी खूप फिरलो. खानावळीत, गोदीत, घोड्यांच्या बाजारात. दुकानदार मला फळीवर आपटून बघायचे आणि मी असा खणखणायचो की पुन्हा शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. फिरत फिरत केझाया नावाच्या एका बाईच्या हाती आलो. तिच्या लेकीला दात येत होते. त्या काळी आया चांदीचं नाणं दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात घालत, म्हणजे पोर ते चावत बसे. केझायानं भोक पाडलं ते नेमकं त्या कललेल्या चांदणीवर. चांदणी गेली. दुखलं का? दुखलं की! पण ती पोर रडायची थांबली. पुढं तिच्या लेकीनं चावलं, नातीनं चावलं. टांकसाळीतून निघालेल्या किती डॉलरांना असं सुख मिळालं, सांगा बरं!

नंतर रबरी खेळणी आली आणि मी खणात गेलो. खणातून निघालो तो लँकेस्टरच्या नाण्यांच्या बाजारात, टाकाऊ मालाच्या ताटलीत. तिथं मला आर्डिस हॉफेकर भेटली. ही दातांची डॉक्टर, आता निवृत्त. तिला नुसते डॉलर नको असतात, वेगवेगळ्या ठशांतून पडलेले डॉलर हवे असतात. तिनं भिंग लावलं, माझा तडा पाहिला आणि चारचौघांत ओरडली, "अगं बाई, हा तर माझ्याकडे नाही!"

नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाची बैठक चर्चच्या तळघरात भरते. तिथं वेंडेल क्रायडर हा तिचा जुना दोस्त, आणि तेवढाच जुना भांडखोर. मला पाहून तो म्हणाला, "आर्डिस, हा डॉलर आहे की कोटाचं बटण?"

"तुझ्या कोटाला लावू? नाहीतरी दोन तुटलीच आहेत."

"लाव की! दातांची डॉक्टर ना तू? मग पोकळी दिसली की भरत का नाहीस?"

सगळे हसले. आर्डिसही हसली, पण ते तिला लागलं. चिडून तिनं मला डेलमार नावाच्या कारागिराकडे नेलं. त्यानं भोकात चांदी भरली, घासली, वर नवी चांदणी कोरली. कोरली ती दुसऱ्याच एका डॉलरवर बघून. सरळ, शहाण्या मुलासारखी उभी! माझी चांदणी अशी नव्हती हो. मी आतून पेटलो होतो, पण डॉलरला तोंड कुठं असतं?

पुढच्या बैठकीत आर्डिसनं मला वेंडेलसमोर मुकाट्यानं सरकवलं. भोक बुजवलेलं याला कळतं का, एवढीच गंमत तिला बघायची होती. वेंडेलनं मला नवाच डॉलर समजून भिंग लावलं. हातातला काकवीच्या केकचा तुकडा तसाच राहिला.

"अरे, इकडे या सगळे! तडा त्या माहितीतल्या ठशाचा, पण चांदणी सरळ! हा ठसा कुठल्याच पुस्तकात नाही. आर्डिस, नवा ठसा सापडलाय तुला. याला तुझं नाव देऊ आपण!"

लोक उठले, टाळ्या पडल्या. मित्रांनो, जन्मभर आर्डिसला हेच हवं होतं. कुणालाच न सापडलेला एक ठसा आणि त्याला आपलं नाव! शिवाय ठशाच्या बाबतीत तिच्या शब्दावर या मंडळात कुणी कधी शंका घेतली नव्हती. ती नुसती 'हो' म्हणाली असती तरी मी कायमचा खोटा ठरलो असतो, आणि माझ्याबरोबर तीही. मी मनात ओरडत होतो, बये, बोल! बोल ना!

तिनं मला उचललं आणि सरळ टेबलावर टाकलं. सगळे हां हां करत पुढं धावले, कारण ही माणसं नाण्याला काठ सोडून बोटसुद्धा लावत नाहीत. मी बद्द वाजलो.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "बुजवलंय. चांदणी डेलमारची आहे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुझी फजिती करायची होती. माझीच होणार होती."

दुसऱ्या दिवशी ती डेलमारकडे गेली. "केलेलं काम मोडायला पैसे देणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो कुरकुरला. पण त्यानं भराव काढला. आर्डिसनं मला त्याच्या फळीवर आपटलं. खण्ण! आहाहा!

आणि पुढच्या बैठकीला मी डबीत बसून गेलो नाही. तांबड्या फितीत ओवलेला, आर्डिसच्या गळ्यात मिरवत गेलो. वेंडेल किंचाळला, "अगं, नाणं गळ्यात? झिजेल ना ते!"

"झिजू दे. भोक कशासाठी पाडलंय मग?"

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना शहाणं करायला जाऊ नका. आमच्या भेगा घासू नका, आमची भोकं बुजवू नका. माझं खरंखोटं करायचं असेल, तर खुशाल फळीवर आपटून बघा. मी तयार आहे.