मुक्ताचा डावा कान

नम्रताचा हात हलका आहे असं सगळेच म्हणत, आणि त्याच भरवशावर हे झालं.

वणीहून पुण्याला येऊन तिला सहा वर्षं झाली होती. खराडीतल्या एका कंपनीत ती परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवायची. आई गेल्यावर धाकटी बहीण मुक्ताई बारावी झाली आणि नम्रतानं तिला कॉलेजसाठी आपल्याकडे आणलं. वडील, ज्ञानदेव, गावातच राहिले. मुक्ता एकोणीस वर्षांची, चष्म्याची, थोडी भित्री. लहानपणी शाळेत जाताना तिच्या वेण्या नम्रतानंच घातलेल्या.

मुक्ताला कानाच्या वरच्या काठावर बाली हवी होती. वर्गातल्या निम्म्या मुलींनी टोचून घेतलं होतं. ती एकदा दुकानात गेलीही. पण शेजारच्या मुलीच्या कानापाशी टोचायची बंदूक खाडकन वाजली आणि ही खुर्चीवरून उठून घरी आली.

"ताई, तूच टोच ना. तू केलंस तर मला भीती नाही वाटणार."

नम्रतानं कॉलेजात असताना स्वतःच्या कानाच्या पाळीला दुसरं भोक घरीच पाडलं होतं. तेव्हा काही झालं नव्हतं, मग आताच काय होणार? रविवारी दुपारी तिनं कानाला बर्फ लावला, गोधडीची सुई गॅसवर धरली, सॅनिटायझरनं पुसली. पाळीत सुई सहज जाते. वर मात्र ती जाईना. मागे खोडरबर धरून नम्रतानं जोर दिला, तशी काहीतरी चिरल्यासारखी बारीक करकर झाली. ती नम्रताच्या बोटांना जाणवली. पण मुक्ता डोळे पुसत आरशात बघून हसली, बाली घालून फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले.

तिसऱ्या दिवशी कान ठणकू लागला.

"थोडं दुखणारच," नम्रता म्हणाली आणि हळद तेलात कालवून लावली. चौथ्या दिवशी कान लाल झाला, गरम लागू लागला. ऑफिसात त्या आठवड्यात सुट्टी मागायची सोय नव्हती. दाढ काढली तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या डब्यात उरल्या होत्या, त्या तिनं मुक्ताला दिल्या. सहाव्या दिवशी कान सुजून डोक्यापासून वेगळा उभा राहिला होता. मुक्ताला ताप होता, आणि ती त्या कुशीवर वळूही शकत नव्हती.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या. त्यांनी बाली काढली, कान न दुखवता सगळीकडून पाहिला.

"हळद लावलीत, तेल लावलंत, उरलेल्या गोळ्याही दिल्यात. आमच्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाहीत आपण."

नम्रतानं गोळ्यांचं रिकामं पाकीट पर्समध्ये परत ठेवलं.

"हे पाहा, पाळीत टोचलं तर ठीक आहे. वरच्या भागात कूर्चा असते, मऊ हाडासारखी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिला रक्त मिळतं. आत पू झाला की आवरण सुटतं आणि कूर्चा मरायला लागते. तुमच्या गोळ्यांना तिथले जंतू दाद देत नाहीत. कुणी टोचलं?"

"एका दुकानात," नम्रता म्हणाली.

शब्द तोंडातून गेले तेव्हा तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. मुक्तानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"त्यांची सुई आधी किती कानांतून गेली असेल कोण जाणे," डॉक्टर म्हणाल्या. "कावीळ, एचआयव्ही, सगळ्याच तपासण्या कराव्या लागतील."

मुक्ताच्या हातातून त्यासाठी रक्त काढलं गेलं. 'घरी' एवढ्या एका शब्दानं ते वाचलं असतं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पू काढला, मेलेली कूर्चा कापून काढली. आठ दिवस सलाईनमधून औषधं चालली. पट्टी सुटली तेव्हा कानाचा वरचा भाग आत मुडपून चुरगळल्यासारखा झाला होता. मुक्तानं चष्मा घातला, तर त्या बाजूची काडी टेकायला जागाच नव्हती. चष्मा घसरून नाकावर तिरपा झाला. तिनं तो काढून हातात धरला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

वडील गावाहून आले. त्यांनी लेकीचा कान जवळून पाहिला. मग नम्रताला म्हणाले, "कोनतं दुकान होतं? मले घेऊन चाल."

"बाबा, राहू द्या ना आता."

"काऊन राहू देऊ? त्याले इचारतो ना मी. उद्या दुसऱ्याच्या पोरीचं असंच करन तो."

त्यांनी चपला घातल्या. दाराशी उभे राहून ते तिची वाट पाहू लागले. नम्रतानं मुक्ताकडे पाहिलं. तिला खात्री होती, मुक्ता कुठल्यातरी दुकानाचं नाव घेईल, नाहीतर रडून बाबांना थांबवेल. मुक्ता तशीच बसून होती, मांडीवर चष्मा धरून.

"दुकान नाही बाबा," नम्रता म्हणाली. "मी टोचला. घरी."

ज्ञानदेवांनी चपला काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती.

"मी रोज वाट पाहत होते," मुक्ता हलकेच म्हणाली. "आज सांगशील, उद्या सांगशील. कानाचं काय, मीच टोच म्हटलं होतं. पण दवाखान्यात तू माझ्यासमोर खोटं बोललीस."

"घाबरले होते गं."

"मी पण घाबरले होते, ताई."

तपासण्या सगळ्या ठीक आल्या. कानाचं म्हणाल तर, बरगडीतली कूर्चा घेऊन तो पुन्हा घडवता येतो, पण वर्षभर थांबावं लागेल आणि पहिल्यासारखा होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुक्ता म्हणाली, मला आता कानाला कुणाचाच हात लावून घ्यायचा नाही.

नव्या सत्रात ती कॉलेजजवळच्या वसतिगृहात राहायला गेली. जाणं-येणं दूर पडतं, असं कारण तिनं सांगितलं. नम्रतानंच तिची बॅग भरून दिली. एका रविवाराआड ती येते, केस मोकळे सोडून डाव्या बाजूला ओढून घेतलेले असतात. दोघी जेवतात, कॉलेजचं, ऑफिसचं बोलतात. संध्याकाळच्या आत मुक्ता निघते. नम्रता थांब्यापर्यंत सोडायला जाते. मुक्ता नको म्हणत नाही.

बाबा आधी रोज एकच फोन करायचे, नम्रताला, आणि तिच्याकडूनच मुक्ताची खुशाली घ्यायचे. आता ते दोघींना वेगवेगळा फोन करतात.