अर्धा आटा

"सात नंबरला तीनच आटे ना, काका? वहीत अठरा वर्षं तीनच आहेत."

इंजिनिअर मुलीने पडद्यावरची नजर काढली नाही. चावीवाले काका नखांकडे बघत राहिले.

थंडीत वसाहतीतली घरं उबदार ठेवणारी जुनी भट्टी विझली होती. शेजारच्या कारखान्यात वाया जाणारी उष्णता आता गरम पाण्याच्या नळांतून बावीस इमारतींत खेळत होती, आणि कोणत्या इमारतीला किती ते आठवड्यापासून यंत्र ठरवत होतं. आधी ते काका ठरवत, प्रत्येक इमारतीच्या नळाची झडप चावीने उघडून. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. सात नंबरला ते रोज साडेतीन आटे सोडत आणि वहीत तीन लिहीत. त्या नळाच्या अगदी शेवटी, चौथ्या मजल्यावर, त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. एका इमारतीला जास्त म्हणजे दुसरीला कमी, हा नियम काकांना पाठ होता. म्हणून तो अर्धा आटा मनगटातच राहिला, कागदावर उतरला नाही. यंत्र शिकलं ते कागदावरून.

"सातला जरा जास्त लागतं," काका म्हणाले.

"सरासरी एकोणीस अंश आहे की."

"शेवटच्या खोलीत बारा आहे."

"मग वहीत का नाही?"

"लिहायचं राहिलं."

"अठरा वर्षं?" ती हसली आणि मध्येच थांबली. "लिहिलं असतंत तर यंत्राने धरलं असतं हो. आता हिवाळा संपेपर्यंत आकडे बदलता येत नाहीत."

काकांनी हातभर लांबीची लोखंडी चावी टेबलावर ठेवली आणि ती जमा केल्याच्या कागदावर सही केली.

सात नंबरच्या चौथ्या मजल्यावर आक्का गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडली होती.

"चावी झोपली का रे तुझी? की तूच म्हातारा झालास?"

"दोन्ही." ते पायथ्याशी बसले. "इमारतीची सरासरी एकोणीस आहे म्हणे."

"असेल. मी सरासरीत राहत नाही, इथे राहते. उद्या जरा जास्त सोड."

काकांनी पांघरुणात हात घालून तिचं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं. ते नळाइतकंच गार होतं.

"सोडतो," ते म्हणाले.

मग उजवं मनगट आपसूक फिरलं, अर्धंच.

"पिळतोस काय," आक्का म्हणाली आणि तिने पाय आखडून घेतला.