गुलाबी प्रतीची मागची बाजू

मी मीटर बोलतोय. विजेचा नाही, भाड्याचाही नाही. गाडीच्या स्टिअरिंगमागे, वेगाच्या काट्याखाली एक अरुंद खिडकी असते आणि तिच्यात आकड्यांच्या चकत्या दाटीवाटीने बसलेल्या असतात, तो मी. गाडी चालली की मी एकेक किलोमीटर लिहीत जातो. माझी ही रोजनिशी सहसा कोणी वाचत नाही. गाडी विकायची वेळ आली की लोकांना माझी आठवण येते, आणि तीही संशयाने.

कारखान्यात एका बाईने चिमट्याने माझ्या चकत्या दांडीवर ओवल्या. सगळी शून्यं एका रेषेत आली का, ते डोळा बारीक करून पाहिलं. मी शून्य होतो तो तेवढाच. मला मागे फिरवणं हा गुन्हा आहे आणि तो नियम मला मान्य आहे.

माझे पहिले साठेक हजार किलोमीटर औषध कंपनीच्या एका फिरत्या विक्रेत्याबरोबर गेले. तो माझ्याकडे बघायचाच नाही. ऑफिसला द्यायचे आकडे तो मनानेच लिहायचा. मग गाडी डोळ्यांच्या डॉक्टरांनी घेतली. शस्त्रक्रियेच्या म्हाताऱ्या पेशंटांना घरून आणायचं आणि पट्टी बांधल्यावर घरी सोडायचं, हे काम. त्यासाठी त्यांनी ताईला ठेवलं.

ताई नवऱ्यामागे, चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली. सकाळी किल्ली लावण्याआधी आणि संध्याकाळी गाडी लावल्यावर ती माझा आकडा वहीत उतरवते. वहीचे कोपरे दुमडलेले नाहीत, खाडाखोड नाही. इतक्या वर्षांत माझं लिखाण वाचणारं कोणीतरी भेटलं, याचा मला आनंद झाला होता.

मग एका सोमवारी ताईने गाडीचे कागद चाळले आणि ती तशीच खाली उतरली. काचेतून मला डॉक्टर दिसत होते.

"डॉक्टर, विमा शुक्रवारीच संपलाय."

"अरे, राहूनच गेलं. आज भरतो. तुम्ही निघा, पेशंट वाट बघतायत."

"कागद हातात पडल्याशिवाय मी किल्ली लावणार नाही."

"एका दिवसाने काय होतंय?"

"मग तुम्ही चालवा. मी शेजारी बसते."

डॉक्टरांनी विमा कंपनीला फोन लावला. एकदा खंड पडला की गाडी तपासल्याशिवाय विमा पुन्हा सुरू होत नाही, आणि तपासनीसाला यायला वेळ लागला. एकोणीस दिवस मी ८४२१७ वर उभा होतो. ताई तरी रोज यायची, काच पुसायची आणि वहीत लिहायची: ८४२१७, गाडी उभी.

विसाव्या दिवशी विमा कंपनीचे तपासनीस आले. घाईत होते. ताईच्या सीटवर बसून त्यांनी माझा आकडा टिपला. "तीन प्रती असतात, ताई. पांढरी तुम्हाला, पिवळी आमच्या फाइलला, गुलाबी नोंदणी कार्यालयाला. ती तिकडे पोचली की त्यांच्या मशीनवर विमा चालू दिसतो." सही केली, शिक्का मारला. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर असतो, त्याचा पेन्सिलीने ठसा घ्यायचा राहिला होता. त्यांनी खिसे चाचपले.

"पातळ कागद विसरलो वाटतं. जाऊ दे, ही गुलाबी पातळ आहे."

आणि त्यांनी गुलाबी प्रत उलटी करून नंबरावर धरली, वरून पेन्सिल घासली. ठसा सुरेख उमटला. परत सीटवर बसून त्यांनी तो जपून 'ठसे' लिहिलेल्या पाकिटात घातला आणि पाकीट फाइलमध्ये गेलं.

मी बघत होतो. अहो, तो नुसता ठसा नाही, त्याच्या दुसऱ्या बाजूला आमचा विमा आहे. पण मला आकडे सोडून दुसरी भाषा येत नाही. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, ते असं.

पुढचे तीन महिने आम्ही रोज हिंडलो. ताईने पांढरी प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून समोरच्या कप्प्यात ठेवली होती. पुलाजवळ तपासणी लागली तेव्हा तिने ती हसतमुखाने पुढे केली. मागच्या सीटवर डोळ्यांना पट्टी बांधलेले एक आजोबा आणि त्यांची बहीण होती.

पोलिसाने हातातलं यंत्र दाबलं. "विमा बंद आहे, ताई."

"पुन्हा सुरू केलाय. हा बघा कागद, शिक्का बघा."

"कागद कोणीही छापतो. मशीन बंद म्हणतंय."

"काय झालं गं?" आजोबांनी विचारलं. "मला काही दिसत नाही."

"काही नाही, आजोबा. ज्यांना दिसतं त्यांनाही आज दिसत नाहीये."

ताईने दोघांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. तिचा परवाना पोलिसाने ठेवून घेतला आणि मला जप्त गाड्यांच्या आवारात आणून लावलं. तेव्हापासून मी ८६९०४ वर आहे. शेजारी एक बिनचाकांची जीप आहे. माझ्या काचेवर धुळीत कोणीतरी बोटाने बदाम काढलाय.

ताई आठवड्यातून एकदा येते. आवाराच्या चौकीदाराशी बोलते, त्यावरून मला कळतं.

"विमावाले म्हणतात, आमच्याकडे चालू आहे, कळवलं की नाही ते ठाऊक नाही. नोंदणीवाले म्हणतात, आमच्याकडे बंद आहे, चालवणाऱ्याने खात्री करायला हवी होती. खात्री म्हणजे अजून काय करायचं असतं हो?"

"आणि मालक?"

"त्यांना वाईट वाटतंय. पण गाडी तुम्ही चालवत होता, असं ते म्हणतात. तेवढ्यापुरता दुसरा ड्रायव्हर ठेवलाय."

"तेवढ्यापुरता," चौकीदार म्हणाला आणि जांभई दिली.

गुरुवारी नोंदणी कार्यालयात सुनावणी आहे. दोष ठरला तर ताईचा परवाना वर्षभर बंद. परवाना नसलेल्या ड्रायव्हरला वर्षभर कोण थांबवून ठेवणार? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही नाही. एका माणसाला पातळ कागद सापडला नव्हता, एवढंच.

परवा तपासनीस आले. सुनावणीआधी गाडी पुन्हा तपासून द्या, असं नोंदणी कार्यालयाने कळवलं होतं. बरोबर ताई होती. त्यांनी माझा आकडा टिपला, बॉनेट उघडलं, पेन्सिल काढली आणि खिसे चाचपले.

"पातळ कागद आहे का हो कुणाकडे?"

"मागच्या वेळी तुम्ही गुलाबी वापरला होतात," ताई म्हणाली.

ती सहज बोलली. मग तिचा हात बॉनेटवर तसाच राहिला. तपासनीसांनी पेन्सिल खाली केली.

"ठशांच्या पाकिटात असेल ती," ते म्हणाले. "जाऊ दे, सापडलं ना. आजच्या तारखेची नवी पाठवतो. उद्यापासून मशीन चालू दाखवेल."

"उद्यापासून दाखवून मला काय मिळणार? मला पुलावर अडवलं तो दिवस त्यात यायला हवा. तपासलंत त्या दिवसापासून लिहा, आणि का राहिलं तेही लिहा."

"मी सुनावणीच्या साहेबांना तोंडी सांगतो ना."

"तोंडी तर मी महिनाभर सांगतेय."

"ताई, लिहून दिलं तर चूक माझ्यावर येईल."

"सध्या ती माझ्यावर आहे."

ते सीटवर येऊन बसले. ताईने तिची वही उघडून स्टिअरिंगवर ठेवली, एकोणीस दिवसांचं पान. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. प्रत्येक ओळीत ८४२१७, गाडी उभी. मग पॅड मांडीवर घेतलं. तारखेपाशी पेन थांबलं. पुढे सरकलं. त्यांनी जुनी तारीख लिहिली, माझा जुना आकडा लिहिला, आणि खाली दोन ओळींत गुलाबी प्रतीचं काय झालं ते. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईची नजर चुकवायला दुसरी जागा नव्हती.

आज बुधवार. ताईने सकाळी येऊन काच पुसली, बदामासकट. वहीत लिहिलं: ८६९०४, गाडी उभी. उद्या ती पांढरी प्रत, ती दोन ओळींची चिठ्ठी आणि वही घेऊन साहेबांपुढे उभी राहील. साहेब कदाचित म्हणतील, मशीनमध्ये नोंद आजची आहे, मागची कशी धरणार?

त्या साहेबांना माझं एवढंच सांगणं आहे. मागे जायची बंदी मला आहे, तुमच्या नोंदीला नाही. माझा आकडा एकाने जरी मागे सरकवला तरी ते खोटं होईल. तुमची नोंद चार महिने मागे नेलीत तर ती पहिल्यांदा खरी होईल. तेवढी न्या. मग ताईला किल्ली लावू द्या. पुढचा किलोमीटर मी लिहीन.