शेवंताचा पान्हा

"पोट आत घ्या की," म्हणत रत्नाबाईनं नवऱ्याच्या कमरेला आपल्या लुगड्याचा वेढा आवळला आणि निऱ्या खोचल्या. जयपाल म्हणजे साठीला टेकलेला मिशाळ गडी. पण गोठ्याच्या दारात नव्या नवरीसारखा अंग चोरून उभा होता.

"कुणी बघितलं तर गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाय."

"मग तोंडावर पदर घ्या. म्हशीलाबी मिशी दिसाय नको."

शेवंता म्हैस रत्नाबाईशिवाय कुणाच्या हाताला थेंब देत नसे. इकडे रत्नाबाईचा उजवा खुबा पार झिजलेला, आणि तरी या म्हशीपायी तिनं ऑपरेशन दोन वर्षं लांबवलेलं. आता ती दवाखान्यात पडून राहिली आणि शेवंता आटली, तर तिला बाजार दाखवावा लागणार होता. म्हणून ही रंगीत तालीम. शेवंतानं लुगडं हुंगलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि पान्हा सोडला. रत्नाबाईचा जीव भांड्यात पडला.

मिरजेच्या डॉक्टरांना तिनं प्रश्न विचारून भंडावलं. खुब्यात बसवायचा धातूचा गोळा हातात घेऊन पाहिला. हा गंजतो का? थंडीत गार पडतो का? जुनं हाड काढून टाकता कुठं? डॉक्टर हसत हसत उत्तरं देत होते.

"आन् म्हशीखाली बसाय येईल न्हवं?"

"चालाल झकास, दुखणंही जाईल. पण उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. कधीच."

रत्नाबाईनं गोळा परत दिला.

ऑपरेशननंतर दोन पायांमध्ये उशी घेऊन ती उताणी पडलेली असे. जयपाल एसटीनं भेटायला आला की आधी म्हशीची चौकशी.

"दिलं काय?"

"दिलं. पर लुगडं नेसल्याबिगर जवळ उभं करत न्हाय बघ. काल जरा पदर घसरला, तर बादलीच उडवली."

हसताना टाके ओढायचे, तरी ती हसायची. दर खेपेला त्याच्याकडे लुगड्याची नवी गोष्ट असे. आपल्यावाचून तिकडं एका जिवाचं अडलंय, हे ऐकून तिला बरं वाटे. नर्सबाई उभं राहायला सांगायच्या आत ती उभी राहायला बघायची.

घरी आली तेव्हा हातात वॉकर होता आणि सोप्यात तिच्यासाठी उंच खुर्ची मांडलेली होती. गोठ्यात निसरडं आहे, तिकडं फिरकायचं नाही, असं जयपालनं बजावलं. पण मिशीवरून पदर घेतलेला नवरा एकदा तरी डोळ्यांनी बघायचाच, या हौसेनं तिला स्वस्थ बसू दिलं नाही. एका सकाळी बादलीत धारा वाजायला लागल्या, तशी ती हळूच गोठ्याच्या दाराशी गेली.

जयपाल पाठमोरा बसला होता. अंगात बंडी, खाली धोतर. लुगड्याचा पत्ता नव्हता. शेवंता निवांत रवंथ करत होती आणि बादली फेसानं भरत चालली होती.

रत्नाबाई मनातच शेवंताला म्हणाली, एवढ्यात विसरलीस होय ग?

तेवढ्यात शेवंतानं मान वळवली. नाकपुड्या फुलवून दाराकडे हुंगलं आणि घोगऱ्या आवाजात रेकली. धार थांबली.

"काय झालं ग तुला? रोज गुमान देतीस की," जयपाल म्हणाला. त्यानं सड ओढून पाहिले, कास थोपटली. शेवंतानं पान्हा चोरला तो चोरलाच. तिची नजर दारावरून हलेना.

रत्नाबाईला आनंद झाला; स्वतःचीच लाज वाटावी इतका झाला. पुढं होऊन शेवंताच्या कपाळावर हात ठेवावा असं फार वाटलं. पण खाली बसून धार काढता तर येणार नव्हती. तिनं वॉकरचा आवाज न करता एकेक पाऊल मागे घेतलं, सोप्यात आली आणि श्वास रोखून उभी राहिली. बऱ्याच वेळानं बादलीत पुन्हा धार वाजली. मग ती खुर्चीवर बसली.

जयपाल बादली घेऊन आत आला.

"आज जरा कमीच दिलं. लुगडं सैल झालंतं माझं."

"उद्यापासनं बिनलुगड्याचंच काढा," रत्नाबाई म्हणाली. "मी न्हाय येत दाराशी."