रेघ असू दे

विद्याधर मास्तरांनी हयातभर एकच हट्ट धरला: मराठी अक्षराला डोक्यावरच्या रेघेची गरज नाही. कलाशाळेत त्यांनी पोरांना बोरू धरायला शिकवलं, अक्षर उलटं करून बघायला शिकवलं आणि उठता-बसता रेघ पुसायला लावली. पोरं जाहिरात कंपन्यांत चमकली, मास्तरांचंही नाव झालं. बिनरेघेची अक्षरं मात्र कुणी छापली नाहीत. लोक कौतुक करून चहा पाजायचे, तेवढंच. चौऱ्याऐंशी साली मास्तर निवृत्त होऊन मुलुंडच्या घरी बसले, तेव्हा बोरूला हात लावायचाही त्यांना कंटाळा आला होता.

एकच आस उरली होती. लेकीच्या, जयंतीच्या लग्नाची पत्रिका आपल्या अक्षरांत निघावी आणि त्यातली पहिली देवापुढे ठेवावी. त्यांनी कच्चं चित्र काढलं. जयंतीने ते डोळ्यांजवळ धरून वाचून बघितलं.

"अण्णा, रागावू नका. सासरच्या म्हाताऱ्या माणसांना वाचता यायला नको का? घाटकोपरला धोंडूशेठकडे तयार पत्रिका मिळतात, तिथे जाऊया ना."

मास्तर भांडले नाहीत. भांडायलाही अंगात जोर लागतो.

छापखान्यात धोंडूशेठने नमुन्यांचा जाडजूड आल्बम पुढे सरकवला. पानं उलटताना जयंती एकदम थांबली. "ही बघा अण्णा. किती गोड अक्षरं आहेत."

मास्तरांनी चष्मा लावला. नमुन्यातल्या वधूचं नाव जानकी होतं, आणि तो ज त्यांचाच होता. जयंती जन्मली तेव्हा तिची मिटलेली मूठ बघून त्यांनी ज तसा आत वळवला होता, मग वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवला होता. कुणीतरी तो उचलून वर रेघ ठोकून दिली होती.

"फोटोमशीनवर, खिळ्यांशिवाय जुळवायचं नवं अक्षर आहे साहेब," धोंडूशेठ म्हणाला. "बाळ म्हणून आर्टिस्ट आहे, त्याने काढलंय. जोरात चालतंय. रेघ नको असेल तर काढून देतो, पण भुंडं दिसतं."

बाळ म्हणजे त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. मास्तरांनी जयंतीकडे बघितलं.

"नको, नको," ती म्हणाली. "रेघ असू दे."

संताप यायला हवा होता, पण आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. आणि कुणी न सांगता पोरीने आपलंच अक्षर निवडलं, याचं बरंही वाटलं.

"तुम्हाला नाही आवडली का?"

वर्गात एकेका अक्षराची तासभर चिरफाड करणारे मास्तर म्हणाले, "चांगली आहेत. हीच घे."

ती धोंडूशेठशी बोलायला वळली. मास्तरांनी हळूच अंगठा ठेवून ज-वरची रेघ झाकली, क्षणभर बघितलं आणि अंगठा काढून घेतला.