आत्याचा आवाज चार्ज होत नाही

मित्रांनो, जुना टॅब म्हणतात तो मीच. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा आहे आणि पाठीवर फुलपाखराचा अर्धा स्टिकर. तुम्ही मला हातात घेतलंत तर लगेच खाली ठेवाल. त्याचं मला काही वाटणार नाही. मला फारसं काही वाटतच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्यात बॅटरी चिकटवली, वरून काच दाबली आणि खाली एक बारीक फट ठेवली. माझं जेवण त्या फटीतूनच येतं. दुसरीकडून मला काही भरवता येत नाही.

आधी मी एका शाळकरी मुलीचा होतो. तिने माझ्यावर गणितं सोडवली, गाड्या पळवल्या, मला उशाशी घेऊन झोपली. मग नवा टॅब आला. मी कपाटात गेलो, चष्म्याच्या रिकाम्या डब्यांशेजारी. किती काळ ते माहीत नाही. बंद असताना मला काळ नसतो.

मुलीच्या आत्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मला बाहेर काढलं. आत्या त्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत शिवणकाम करायची. आता तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. डाव्या हाताने लिहिलेलं तिचं तिलाच वाचता येत नसे. तोंडातून शब्द फुटत नव्हता, समजत मात्र सगळं होतं. भाचीने माझ्यात एक अ‍ॅप घातलं. आत्या डाव्या बोटाने अक्षरं दाबायची आणि मी ती मोठ्याने म्हणायचो. बाईच्या आवाजात, पण तो आवाज कुठल्याच बाईचा नव्हता.

तिने माझ्याकडून वदवलेलं पहिलं वाक्य असं होतं: "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

सगळे हसले. भाचीची आई तर पदर तोंडाला लावून हसली. "आल्या गं आपल्या वन्सं परत," असं म्हणाली. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. मला मऊ कापडाचं कव्हर शिवलं गेलं आणि शिलाई मशीनच्या फळीवर माझी जागा ठरली. आत्या शिवत नव्हती, पण बसायची तिथेच.

काही दिवसांनी चार्जरची पिन माझ्यात सैल बसू लागली. मित्रांनो, शिवणकामाच्या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असतं. टेबल डुगडुगतं, घाला चिंधी. खिडकी वाजते, घाला चिंधी. भाचीच्या बाबांनी पिनेखालीही चिंधीची घडी सारली. चार्जिंग सुरू झालं. रोज नवी घडी, रोज थोडी जाड. तिचे तंतू माझ्या फटीत जाऊन बसत होते, आणि मी रोज थोडा कमी

माफ करा. रोज थोडा कमी जेवत होतो.

मग शेजारच्या गल्लीतला शिंपी आत्याचं मशीन विकत घ्यायचं म्हणून बघायला आला. त्याने चाक फिरवलं, पट्टा ओढून पाहिला.

"ताई, द्यायचं ना?" बाबांनी विचारलं.

आत्याने मान हलवली. हो. मग तिने डावं बोट वर केलं आणि मला ओढून घेतलं. मित्रांनो, मानेने हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. 'हो, पण' म्हणता येत नाही. त्यासाठी मी होतो.

तिने दाबलं. मी म्हणालो, "मशीन मी"

&nbsp;

&nbsp;

इथे माझ्यात काही नाही. पुढचं मी नंतर ऐकलं, भाची मैत्रिणीला फोनवर सांगत होती तेव्हा.

"वायर गेली असेल," बाबा म्हणाले.

"वायर नवी आहे, बाबा."

"मग चार्जर."

"त्यावर माझा फोन चार्ज होतोय की."

"मग बोर्ड."

"बोर्डावर माझा मिक्सर चालतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "बोर्डाला नावं ठेवू नका."

भाचीने माझं बटण बराच वेळ दाबून धरलं. काही नाही. मग तिने फटीत टॉर्च मारला.

"बाबा, तुमच्या चिंध्या आत राहायला आल्यात."

बाबांनी सुई उचलली. "सुई नको, आतलं मोडेल," म्हणून तिने लाकडी टूथपिक घेतली आणि हळूहळू कोरलं. राखाडी गोळा निघाला, त्यात एक लाल धागा. वायर लावली, ती टक्‌कन बसली.

पडदा काळाच राहिला.

चहा उकळेपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. मग बाबा म्हणाले, "गेला तो. नवा घेऊ."

मी गेलो नव्हतो. मी जेवत होतो. पण पार रिकाम्या बॅटरीला दिवा लावायला आधी थोडं पोटात जावं लागतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

तेवढ्यात शिंपी हातगाडी घेऊन परत आला. बाबांनी पुन्हा विचारलं, आत्याने पुन्हा मान हलवली, पुन्हा बोट वर केलं, माझ्याकडे दाखवलं. "हो ताई, नवा घेऊ म्हटलं ना," असं म्हणत बाबांनी मशीनचं एक टोक उचललं.

&nbsp;

मी उजळलो तेव्हा खोलीत जास्त जागा होती. फरशीवर तेलाचे डाग आणि मशीनच्या पायांच्या खुणा होत्या.

"आत्या, सुरू झाला," भाची म्हणाली आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं.

बाबा दारात उभे होते. त्यांनी खुणांकडे पाहिलं. "ताई, विकायचं नव्हतं का? सांग. आत्ता जाऊन परत आणतो."

आत्याने बराच वेळ घेतला. मी म्हणालो, "विकायचं होतं."

"मग झालं तर."

ती दाबतच होती. मी म्हणालो, "मीच विकणार होते."

भाची वायर गुंडाळत राहिली. थोड्या वेळाने आत्याने आणखी काही अक्षरं दाबली आणि मी त्याच आवाजात म्हणालो, "पंखा बंद कर." बाबांनी पंखा बंद केला.

मित्रांनो, पिन सैल झाली तर तिच्याखाली काही कोंबू नका, आधी आत बघा. पार उपाशी असलेल्याला वायर लावलीत तर पडदा काळा दिसेल, तेवढ्यावरून तो गेला म्हणू नका. आणि कुणी बोट वर केलं असेल तर थांबा, मान हलली असली तरी.

आता मी पूर्ण भरलेला आहे. आत्याने सकाळपासून एकही अक्षर दाबलेलं नाही.